एकतीस काळे मोती आणि भेंडीचं बी

मार्गशीर्षात पाऊस पडायचं काही कारण नव्हतं. पण जालन्याच्या आभाळाला जाब विचारणार कोण? सत्त्याण्णव सालच्या त्या दुपारी नवीन जालन्याच्या स्टेशन रोडवर अवकाळी सर आली आणि रिक्षावाले, मोटारसायकलवाले, सरकीच्या गोण्या भरून निघालेला टेम्पो, सगळ्यांची एकच तारांबळ उडाली. नंदा धावत सुटली ती थेट रखमाजीच्या चहाच्या टपरीत शिरली. एका हातात बंद तुटलेली चप्पल आणि दुसरा हात ओढणीखाली, पोटाशी घट्ट धरलेला.

त्या हातात कागदाची एक पुडी होती, आणि पुडीत एकतीस काळे मोती.

कागदोपत्री तिचं नाव बेबीनंदा. गाव तीर्थपुरी. आई द्वारकाबाई पंचक्रोशीतल्या बायकांच्या गळ्यातल्या पोती गाठवून द्यायची, तिच्याकडूनच नंदा मोती ओवायला शिकली. चार वर्षं झाली, अप्पाराव सराफांच्या पेढीवर मागच्या खोलीत बसून ती नथी आणि तन्मणी ओवत होती. ओवता ओवता तिला मोती कळायला लागले. कुठला पाणीदार, कुठला नुसताच गोरागोमटा, हे ती सुईवर घेण्याआधीच सांगायची, आणि शंभरात एखाद्या वेळीही चुकायची नाही. अप्पाराव हे पुरतं ओळखून होते. पण दर वेळी म्हणायचे, "नजर हाय गं तुझी, पोरी. पण आपला सौदा नजरेनं न्हाई, हातानं होतो."

तेही खरंच होतं म्हणा. मोत्याचा भाव तोंडानं बोलायचा नाही ही बाजाराची जुनी रीत. दोन व्यापारी गादीवर समोरासमोर बसतात, हातात हात देतात, वरून रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव करतात. चार माणसं टकामका बघत असली तरी आकडा कुणाला कळत नाही. आता रुमालाखाली बाईचा हात परक्या पुरुषानं धरायचा म्हणजे... म्हणून तीन पिढ्यांत त्या पेढीच्या गादीवर बाई बसली नव्हती.

त्या दिवशी सकाळी मात्र वेगळंच घडलं. हैदराबादचे वाहिदमियाँ दोन पुड्या घेऊन आले आणि एका पुडीतला हा काळ्या मोत्यांचा माल जांगड ठेवून गेले. म्हणजे पसंत पडला तर घ्यायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी परत. आणि नेमकी अप्पारावांची कंबर धरली. घरी अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी निरोप धाडला, "नंदे, माल घेऊन घरी ये. यावेळी पारख तू करायची. खरी ठरली तर गादीवर बसवतो, रुमालाचं काय ते मंग बघू. चुकली, तर हा विषय पुन्हा काढायचा न्हाई."

चार वर्षं ज्याची वाट बघितली ते ओढणीखाली घेऊन नंदा टपरीत उभी होती. बाहेर सरसर पाऊस, आभाळ राखाडी. आणि ढगांतून गाळून आलेला असा शांत उजेड मोती बघायला सगळ्यात चांगला. असला उजेड जालन्यात मिळतो कुठे? तिला राहवलं नाही. कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसून तिनं पुडी उलगडली.

"कोणती भेंडी म्हणायची ही?"

ती दचकली. शेजारच्या बाकड्यावर एक सावळा, उंच तरुण बसला होता. भिजलेले केस कपाळावर, खिशाला तीन पेनं, आणि गळ्यात दोरीला बांधलेलं एक भिंग.

"भेंडी?"

"बी हो. लई टपोरं हाय. कोण्या कंपनीचं?"

"समुद्राच्या कंपनीचं," नंदा म्हणाली.

"ही कंपनी नवी दिसती..."

"मोती हायेत ते! काळे मोती."

तो ओशाळला, मग मोकळेपणी हसला. हसताना त्याचे कान हलतात हे नंदानं उगीचच पाहून ठेवलं. त्यानं आपल्या पिशवीतून तसलीच पांढरी पुडी काढली आणि बाकड्यावर तिच्या पुडीशेजारी उघडली. भेंडीचं बी. जरा बारीक, पण तोच करडा-हिरवा काळोखा रंग, तोच गोलवा.

"बघा आता. माझी काय चूक?"

चहा गाळता गाळता रखमाजी वाकला. "दोन्ही एका टोपल्यात टाकले तर ब्रम्हदेवालाबी निवडता येणार न्हाई," त्यानं निकाल दिला.

"मला येतील," नंदा म्हणाली.

"बी निवडायचं काम माझं," तो म्हणाला. "बियाण्याच्या लॅबमधी हाय मी. रोज हजार बिया बघतो. पण मोती... कधी बघितला न्हाई जवळून." आणि गळ्यातलं भिंग काढून त्यानं तिच्यापुढे धरलं. "घ्या. चांगलं दिसंल."

भिंगाची दोरी त्याच्या मानेवरून आल्यानं कोमट होती. नंदानं ते डोळ्याला लावलं. एकेक मोती बोटांत फिरवत गेली, भोकापाशी थांबत गेली. पाऊस, चहा, रस्ता, सगळं ती विसरली. आणि तो तिच्याकडे बघत होता हेही तिला कळलं नाही, असं ती नंतर शपथेवर सांगायची. खोटं सांगायची.

"तीन," ती पुटपुटली.

"काय तीन?"

"ह्यातल्या तीन मोत्यांचा रंग खोटा हाय. मोती खरे, पण रंगवलेले."

"कसं काय कळलं?"

"हा बघा खरा. इकडून हिरवा. जरासा वळवला का वांग्याच्या सालीवानी. आन काठाला पारव्याच्या मानेवानी. खऱ्या काळ्या मोत्याला एक रंग नसतो. आता हा बघा. कुठूनबी बघा, शाळेचा फळा! आन भोकाच्या कडेला रंग साचलेला. तिथंच चोरी सापडती."

त्यानं तो मोती वळवून पाहिला. मग हळूच म्हणाला, "आन माणसाचा रंग? तो कसा वळखायचा?"

"माणूस उजेडात बसवायचा," नंदा पुडीकडे बघत म्हणाली, "आन आपण गुमान बघायचं."

तो बाकड्यावरून उठला आणि टपरीच्या तोंडाशी, जिथे उजेड होता, तिथे जाऊन शहाण्या मुलासारखा ताठ बसला. रखमाजी खो खो हसला. नंदाला हसू आवरेना... आणि तेवढ्यात एक रिक्षा डबक्यातून अशी गेली, की अर्ध्या डबक्याचं पाणी टपरीत!

"अगं आई!"

दोघंही बाकड्यावर झेपावली. दोघांचे हात एकमेकांत अडकले, कागद मिटले, पुड्या बंद झाल्या. भिंग बाकड्यावर टाकून, हाताला लागलेली पुडी ओढणीखाली घेत नंदानं तीच रिक्षा हात करून थांबवली.

"मच्छिंद्र!" तो मागून ओरडला. "माझं नाव मच्छिंद्र! मंठ्याचा!"

तिनं आपलं नाव सांगितलं नाही. मुलींनी सगळंच पहिल्या दिवशी सांगायचं नसतं. पण रिक्षा वळेपर्यंत ती पडद्याच्या फटीतून मागेच बघत होती.

---

अप्पारावांनी उशीवर रेलून पुडी उघडली. एक दाणा उचलून डोळ्यांपुढे धरला.

"नंदे," ते म्हणाले, "रातच्याला भाजी काय करायची हे तू ठरवूनच आलीस वाटतं."

पुडीत भेंडीचं बी होतं.

नंदानं वाकून पाहिलं. ती कशीबशी एवढंच म्हणाली, "अप्पा, अर्ध्या तासात आणते. आणतेच!" आणि तुटकी चप्पल तिथेच टाकून धावली. टपरीवर रखमाजीनं पत्ता सांगितला, फाटक ओलांडून सरळ, पिवळी इमारत. अनवाणी, चिखलानं माखलेली नंदा बियाण्याच्या लॅबमध्ये शिरली तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजत होते. ओळीनं मांडलेले ट्रे, ओल्या कागदांच्या सुरळ्या, आणि खिडकीपाशी गालावर हात टेकून बाहेर बघत बसलेला मच्छिंद्र.

तिला पाहून त्याचा चेहरा असा उजळला, की क्षणभर तिला आपण का आलोय तेच आठवेना.

"पुडी!" ती ओरडली. "माझी पुडी कुठाय?"

"कोणती पु..." त्यानं शेजारच्या काचेच्या भांड्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग पुन्हा भांड्याकडे. "आरं देवा."

भेंडीचं बी कडक. लवकर उगवत नाही. म्हणून परीक्षेआधी ते अर्धा तास स्पिरिटमध्ये भिजवायचं, ही त्या लॅबची पद्धत. मच्छिंद्रनं पुडी भांड्यात ओतली होती.

"बघितलं न्हाई ओतताना?"

"न्हाई."

"रोज हजार बिया बघता ना तुम्ही?"

"रोज बघतो. आज... ध्यान न्हवतं."

"कुठं होतं ध्यान?"

मच्छिंद्रचे कान लाल झाले. "रिक्षात बसून गेल्तं," तो म्हणाला.

दुसऱ्या कुठल्या वेळी हे ऐकून नंदा आठवडाभर हवेत चालली असती. आत्ता तिनं फक्त भांडं हिसकावलं आणि पांढऱ्या कागदावर उपडं केलं. स्पिरिट शाईसारखं काळसर झालं होतं. मच्छिंद्रनं डोळेच मिटून घेतले. "वाटोळं केलं मी तुमचं..."

मग त्याला हसण्याचा आवाज आला.

"डोळे उघडा," नंदा म्हणत होती. "मोजा."

अठ्ठावीस मोती जसेच्या तसे होते, उलट न्हाऊन आल्यासारखे तजेलदार. आणि तीन मोती... पांढुरके, ठिपक्याठिपक्यांचे, रंग उडालेल्या भिंतीसारखे.

"तीन! मी काय म्हणलं होतं? तीन!"

"बराबर तीन," मच्छिंद्र पुन्हा मोजत म्हणाला. "तुम्ही तर नुसतं बघून सांगितलं व्हतं..."

दोघं एकमेकांकडे बघून हसत सुटली. पण हसता हसता नंदा थांबली. वाहिदमियाँ काय म्हणतील? जांगड आणलेला माल स्पिरिटमध्ये टाकून खराब केला, हेच म्हणतील. "नजरेनं आधीच वळखलं होतं, हे कोण खरं मानणार?" जांगड मालाचं सगळं त्याला सांगून ती म्हणाली.

"मी मानतो," मच्छिंद्र म्हणाला. "मी साक्षीला हाय. उद्या येतो पेढीवर. चूक माझी, बोलणी मी खाणार."

"काही गरज न्हाई. मियाँसाहेबांना मी सांगणार. माझा माल, माझी जबाबदारी."

"मंग बोलणी अर्धी अर्धी खाऊ," तो म्हणाला. "पर मी येणार. ...नाव तरी सांगा. साक्षीदाराला नाव ठाऊक पाह्यजे."

"नंदा," ती म्हणाली. आणि दारातून मागे वळून, "आन तुम्ही-बिम्ही नको म्हणू. एवढं वाटोळं केल्यावर कसलं तुम्ही?"

---

सकाळी वाहिदमियाँ आले. पांढरीशुभ्र दाढी, अत्तराचा वास, चालण्यात नवाबी. गादीवर अप्पाराव कंबरेला दोन उशा लावून बसलेले, आणि गादीखाली सतरंजीवर नंदा आणि मच्छिंद्र, शाळेत अंगठे धरून उभं राहायची शिक्षा झालेल्या पोरांसारखी.

नंदानं सगळं सांगितलं. टपरी, भेंडी, स्पिरिट, काही लपवलं नाही. मग ते तीन मोती पुढे ठेवले.

म्हाताऱ्याचा चेहरा बदलला. "ये क्या करे तुम लोगां?" ते कडाडले. "मोतियां को स्पिरिट में डुबाए, तो क्या रहेगा? सात पीढ़ी से हम मोती का कारोबार करते अप्पाराव, रंगाया हुआ माल बेचेंगे क्या हम? पूरी पुड़ी की कीमत देना पड़ेगा!"

अप्पारावांनी कपाळाला हात लावला. मच्छिंद्र पुढे सरकला, "सायेब, चूक माझी हाय..."

"थांब," नंदा म्हणाली.

ती वाहिदमियाँकडे वळली. "मियाँसाहेब, स्पिरिटनं मोती बिघडले असते तर एकतीसच्या एकतीस बिघडले असते. पण ते राहू द्या. तुमच्याजवळ दुसरी पुडी हाय ना? ती मला द्या. मी नुसत्या नजरेनं निवडते. स्पिरिट नंतर तुम्ही तुमच्या हातानं लावा. माझा एक जरी चुकला तर मी मागच्या खोलीतसुद्धा पुन्हा पाय ठेवणार न्हाई."

"नंदे!" अप्पाराव म्हणाले.

"ठेवणार न्हाई, अप्पा."

वाहिदमियाँनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग अंगरख्याच्या आतून दुसरी पुडी काढली.

नंदानं पेढीतली ट्यूबलाइट बंद करायला लावली. उंबऱ्यापाशी पांढरा पंचा अंथरला. कालचे ढग अजून रेंगाळत होते, उजेड दुधासारखा मऊ होता. चाळीस मोती पंच्यावर पसरले.

ती सावकाश बघत गेली. एक मोती उचलायचा, फिरवायचा, उजेड त्याच्या अंगावरून कसा घरंगळतो ते पाहायचं, भोकाशी नजर टेकवायची, आणि ठेवायचा. उजवीकडे खरे, डावीकडे रंगवलेले. डावीकडे एक गेला. दोन... तीन. एक वेडावाकडा, अंगावर वाटोळ्या वळ्या असलेला मोती आला. मच्छिंद्रला वाटलं, हा नक्की डावीकडे. नंदानं तो उजवीकडे ठेवला. चार गेले डावीकडे.

आणि शेवटी हातात आला तो मोठा. गोल गरगरीत, एकही डाग नाही, नुसता काळाभोर. वाहिदमियाँ नकळत पुढे झुकले. पुडीचा राजा होता तो.

नंदानं तो बराच वेळ धरला. वळवला. पुन्हा वळवला.

तिनं तो डावीकडे ठेवला.

"क्या?" वाहिदमियाँ उभेच राहिले. "वो? उसकी कीमत मालूम है तुमको?"

"मोती म्हणून किंमत हाय, मियाँसाहेब. रंग म्हणून न्हाई."

मच्छिंद्रनं लॅबमधून आणलेली स्पिरिटची बाटली पुढे केली. म्हाताऱ्यानं कापसाचा बोळा भिजवला आणि त्या राजावर फिरवला. एकदा. दोनदा.

बोळा काळा झाला.

वाहिदमियाँनी दुसरा बोळा घेतला. डावीकडचे बाकीचे चारही पुसले, चारही बोळे काळे. मग तो वेडावाकडा वळ्यांचा मोती घेतला आणि चांगला खसाखसा घासला. बोळा पांढराच्या पांढरा. उजवीकडचे आणखी सहा-सात घासले. सगळे बोळे पांढरे.

ते मटकन खाली बसले. चष्मा काढला, आणि त्यांच्या आवाजातली नवाबी कुठल्या कुठे गेली.

"पिछले साल आँख का आपरेशन हुआ, बेटी. तब से रंग बराबर दिखता नहीं. माल भतीजा खरीदता, मैं भरोसे पे बेचता. कोई बोला नहीं मेरेकू... तुम बोले." त्यांनी हात छातीशी नेला. "माफ करना. गलत माल लेके आया मैं."

नंदाचे डोळे भरून आले. जिंकल्याचा आनंद तर होताच, ओरडून सांगावासा वाटण्याइतका होता. पण म्हाताऱ्याला मान खाली घालायला लागली हे तिला सोसवेना. तिनं पहिल्या पुडीतले अठ्ठावीस मोती त्यांच्यापुढे ओळीनं लावले.

"हे अठ्ठावीस मोती लाखमोलाचे हायेत, मियाँसाहेब. यांचं पाणी बघा. अंगावर थोडे डाग हायेत, सहाच मोती पुरे गोल, बाकीचे थेंबासारखे. पण रंगाला रंग असा जुळतो की हार डोळे मिटून ओवावा. हे आम्ही घेणार. रास्त भावानं घेणार."

"भाव तूच कर," अप्पाराव म्हणाले.

वाहिदमियाँनी सवयीनं खांद्यावरचा रुमाल काढला, हात पुढे केला... आणि तिथेच थांबवला. "पराए घर की बेटी का हाथ..." ते अवघडले. "हमारे में रिवाज नहीं."

झालं. नजर जिंकली होती आणि रिवाजापाशी सगळं अडलं. नंदानं ओठ दाबले.

"मी चालेन का?" मच्छिंद्र म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"माझा मामा बैलांचा व्यापारी हाय, मंठ्याच्या बाजारात. तिथंबी असाच उपरण्याखाली भाव व्हतो. बोटांची भाषा ल्हानपणापासून येती मला. मियाँसायबांनी माझा उजवा हात धरावा, नंदानं... म्हंजे, ह्यांनी... डावा. त्यांचा आकडा मी इकडं देतो, ह्यांचा तिकडं. मी काय, मधली तार."

अप्पाराव मिशीत हसले. "तार चांगली हाय का पण? जळून जायची न्हाई ना?"

वाहिदमियाँनी मच्छिंद्रचा उजवा हात धरला, वर रुमाल. डाव्या हातावर नंदानं आपला हातरुमाल टाकला आणि त्याखाली हात सरकवला. गार पडला होता त्याचा हात, घामानं ओला. त्याची बोटं तिच्या बोटांना भिडली आणि कसला भाव, कसले मोती, तिला काही सुचेना.

"हजार," वाहिदमियाँ मोठ्यानं म्हणाले. म्हणजे आता बोटं हजारांची, नगाला. मच्छिंद्रनं तिची चार बोटं धरली. चार हजार. अप्पारावांनी फावल्या वेळात शिकवलेली बोटांची भाषा आठवत नंदानं स्वतःला सावरलं आणि दोन दाबली. पलीकडे म्हातारा हसला, मान हलवली. साडेतीन आले. तिनं पुन्हा दोनच दाबली, जरा जोरात. मच्छिंद्र कळवळला.

"व्यापाऱ्यावर राग काढ की, माझ्यावर कशाला?" तो कुजबुजला.

"तार बोलत नसती," ती कुजबुजली.

तीन आले. तिनं दोन आणि वर तीनशे दिले. आकडा पलीकडे जाईना. मच्छिंद्र तिची बोटं तशीच धरून बसला होता.

"क्या मियाँ?" वाहिदमियाँनी भुवई उंचावली. "भाव रास्ते में अटक गया क्या?"

पेढी हसली. आकडा घाईघाईनं पलीकडे गेला. म्हाताऱ्यानं थोडा विचार केला. मग त्यांनी आपला हात मच्छिंद्रच्या हातातून सोडवला, रुमाल उचलला, आणि सरळ नंदापुढे हात धरला.

"हम दोनों के बीच में ये कायकू? रिवाज पारखी के वास्ते बना, बेटी. पारखी तुम हो. हाथ दो."

नंदानं मोकळा हात दिला. वर रुमाल पडला. सात पिढ्या मोती हाताळलेलं ते सुरकुतलेलं बोट तिच्या तळव्यावर टेकलं. तिनं दोन बोटं दाबली, आणि मग सहाशे. मग म्हाताऱ्यानं तिचा सगळा हात घट्ट दाबला.

"मुबारक!"

सौदा झाला होता. जालन्याच्या बाजारात, भर पेढीत, एका मुलीनं मोत्यांचा सौदा स्वतःच्या हातानं केला होता. अप्पाराव कंबर विसरून गुडघ्यांवर उठले, स्वतःच्या शेजारची उशी बाजूला सारली आणि म्हणाले, "ये नंदे. वर ये. गादीवर."

नंदा उठायला गेली, आणि तिला उठता येईना. तिचा दुसरा हात अजून हातरुमालाखाली होता.

"हात..." ती हळूच म्हणाली.

"काय?"

"सोड की. सौदा झाला."

"मियाँसायबांचा झाला." मच्छिंद्र हातरुमालाकडे बघत म्हणाला. "माझं राह्यलं."

"तुझं काय आता?"

रुमालाखाली त्यानं एक बोट दाबलं नाही, दोन दाबली नाहीत. आपला पंजा उघडा करून तिच्या हातात ठेवला. "मला आकडा लावता येत न्हाई, नंदा. जे हाय ते सगळं तुझं. पटलं तर ठेव... न्हाईतर मी जातो लॅबला."

काल दुपारपासून नंदाला हा मुलगा आवडत होता, टपरीच्या तोंडाशी उजेडात ताठ बसला तेव्हापासून. तिनं ते स्वतःशी एकदाचं कबूल केलं.

"काय गं," अप्पाराव मान वाकडी करून बघत होते, "त्या रुमालाखाली अजून कसला भाव चाललाय?"

हात काढून घेतला असता तर कुणाला काही कळलं नसतं. रुमाल त्यासाठीच असतो. दारात रखमाजी चहाचे ग्लास घेऊन येऊन थबकला होता, वाहिदमियाँ चष्मा पुसायचे थांबले होते.

नंदानं रुमालाचं टोक धरलं आणि तो उचलला. सगळ्यांच्या देखत. तिच्या हातात मच्छिंद्रचा हात होता, आणि तिनं बोटं मिटून तो आणखी घट्ट धरला.

"हा सौदा मला झाकून करायचा न्हाई, अप्पा," ती म्हणाली. "मला हा मुलगा पसंत हाय."

रखमाजीच्या हातातला चहा हिंदकळला. मच्छिंद्रचे कान इतके लाल झाले की त्यावर त्या ग्लासांतला चहा उकळला असता. वाहिदमियाँनी मांडीवर थाप मारली. "वाह! लड़के, तू बोल अब! घासाघीस करेगा क्या?"

"न्हाई जी," मच्छिंद्र म्हणाला. "पहिल्या बोलीत मंजूर."

"आरं मंग बघत काय बसलाय? तीर्थपुरीला द्वारकाबाईला निरोप धाडा, मंठ्याला मामाला धाडा!" अप्पाराव ओरडले. "पण आधी तू गादीवर बस, नंदे. लग्नाचं नंतर बोलू, तीन पिढ्यांची गादी खोळंबली हाय."

नंदा गादीवर बसली. मच्छिंद्रचा हात तिनं सोडला नाही, त्यामुळे त्यालाही काठावर टेकावं लागलं, आणि अप्पाराव कंबर धरत, कण्हत, हसत सरकले आणि त्यांनी दोघांना जागा करून दिली.